गाजराचा रस आणि ता. क. मधली तपासणी

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, ओळख कळणार नाही अशा बेतानं, थोडक्यात:

वय ४६. बाराव्या वर्षापासून चष्मा, दोन्ही डोळ्यांना मायनस ६ च्या आसपास नंबर. दोन वर्षांपासून चाळिशीही लागली आहे. काम दिवसभर कॉम्प्युटरवर. वडिलांना काचबिंदू होता. तो कळला तेव्हा एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती, आणि शेवटची दोन वर्षं ते घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालत. ते गेल्यावर या ताईंनी ठरवलं, की आपले आणि मुलाचे डोळे असे जाऊ द्यायचे नाहीत. दीड वर्ष रोज सकाळी सहा-सात गाजरांचा रस, दोन्ही वेळा पालेभाजी, डोळ्यांचे व्यायाम, उगवत्या सूर्याकडे दहा मिनिटं पाहणं, निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा. डोळे लाल झाले की घरात असलेले थेंब. नऊ वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी मायनस १ चा चष्मा लागला. 'सवय लागू नये' म्हणून तो घरी आल्यावर काढून ठेवायला लावतात. तरीही मुलाचा नंबर वाढला, स्वतःला संध्याकाळी अक्षरं धूसर दिसू लागली, तळहात पिवळे पडले. नवरा म्हणतो, डोळ्यांच्या कॅप्सूल सुरू करू. ताई विचारतात: "माझ्या आहारात काय कमी पडतंय? कॅप्सूल घेऊ का? की केलेलं सगळं व्यर्थच गेलं?" आणि पत्राच्या अगदी शेवटी: "ता. क. शेवटची तपासणी चार वर्षांपूर्वी झाली होती."

प्रिय ताई,

आधी तळहातांचं बघू. उजेडात आरशासमोर उभ्या राहा, खालची पापणी बोटानं ओढा आणि डोळ्याचा पांढरा भाग पाहा. तो स्वच्छ पांढरा असेल, आणि पिवळेपणा तळहात, तळपाय, नाकाच्या कडा एवढ्यावरच असेल, तर ही कावीळ नाही. गाजरातला केशरी रंग कातडीत साठला आहे. रस थांबवलात की काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत उतरेल, आणि त्यानं अपाय काही होत नाही. पांढरा भागच पिवळा दिसला, तर मात्र हे वाचणं इथेच थांबवून डॉक्टरांकडे जा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना एक कष्टाळू बाई दिसली. दुसऱ्यांदा वाचताना वडिलांना भिंत चाचपताना पाहिलेली मुलगी दिसली. चार पानांपैकी साडेतीन पानं खाण्यापिण्याची आहेत, आणि तपासणी एका ओळीत, तीही ता. क. म्हणून. म्हणून एक विचारते, रागावू नका. चार वर्षांत तपासणीला वेळ मिळाला नाही, की जायचं धाडस झालं नाही? सहा गाजरं धुऊन, सोलून, रस काढून, भांडी घासेपर्यंत अर्धा तास जातो. तपासणीला वर्षाकाठी एक दुपार लागते. तेव्हा प्रश्न वेळेचा नसावा. रस काढताना आपण काहीतरी करतो आहोत असं वाटतं आणि भीती दिवसभर गप्प बसते. तपासणीच्या खुर्चीत ती गप्प बसत नाही. गेली बावीस वर्षं मी डोळे तपासते आहे. ज्यांच्या घरात काचबिंदू होऊन गेला आहे अशी किती तरी माणसं याच भीतीपोटी दाराशी येऊन परत गेलेली मला माहीत आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तुम्हाला जे भय आहे त्याचा बंदोबस्त स्वयंपाकघरात होण्यासारखा नाही, हे मला अगदी स्पष्ट सांगायला हवं.

तुमच्या वडिलांची दृष्टी आहारात काही कमी पडलं म्हणून गेली नाही. काचबिंदू उशिरा कळला, म्हणून गेली. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. काचबिंदूत ते हळूहळू मरत जातात आणि गेलेला तंतू परत येत नाही. नेहमी आढळणाऱ्या प्रकारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. आधी कडेचं दिसणं जातं. समोरचं वाचता येत असतं, आणि कडेला पडलेली पोकळी मेंदू अंदाजानं भरून काढतो. माझ्याकडे एक निवृत्त शिंपी आले होते, चष्म्याची ओरखडे पडलेली काच बदलायला म्हणून. दोन्ही डोळ्यांनी तक्त्याची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचली. मी त्यांचा डावा डोळा झाकला तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर, दिवे गेले का?" दिवे लागलेलेच होते. उजवा डोळा कधी गेला ते त्यांना सांगता येईना, कारण सुईत दोरा ओवण्यापासून सगळं डाव्या डोळ्यावर बिनबोभाट चाललं होतं.

आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर आपल्याला तो होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. त्यात तुमचं वय चाळिशीपुढचं आणि नंबर मायनस ६. या दोन्हींनी ती आणखी वाढते. म्हणून तुम्हाला नुसती तक्ता वाचून घेण्याची तपासणी पुरणार नाही. डोळ्यातला दाब मोजायला हवा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून नस आणि पडदा पाहायला हवा, दृष्टिक्षेत्र, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं ते, तपासायला हवं, गरज वाटल्यास नसेचा स्कॅन. नुसता दाब मोजून 'नॉर्मल आहे' म्हणून कुणी परत पाठवलं तर पुढचं आपणहून विचारा. साधारण १० ते २१ (पाऱ्याचे मिलिमीटर) हा दाब नेहमीचा मानतात, पण त्या मर्यादेतही नस खराब झालेली माणसं असतात. आणि मनाला धीर देणारी गोष्ट अशी, की लवकर सापडलेला काचबिंदू रोजच्या थेंबांनी किंवा लेसरनं बहुतेकांमध्ये आवरता येतो. तुमच्या वडिलांना जी संधी मिळाली नाही ती तुमच्या हातात आहे.

आता त्या मायनस ६ कडे येऊ, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गफलत तिथेच आहे. चष्म्याचा नंबर म्हणजे डोळ्यांची प्रकृती असं तुम्ही धरून चालला आहात: नंबर वाढला की डोळे अशक्त झाले, कमी झाला की सुधारले. तसं नाही. जन्मतः डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी २३-२४ मिलिमीटर होतो. काही मुलांचा डोळा त्याहून लांब वाढतो, आणि लांबचं चित्र पडद्यावर न पडता पडद्याच्या अलीकडेच जुळतं. तोच मायनस नंबर. एक मिलिमीटर जास्तीची लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर. म्हणजे तुमचे डोळे दोनेक मिलिमीटर जास्त लांब आहेत. उंची वाढल्यावर ती आहारानं कमी होत नाही, तसा वाढलेला डोळाही रसानं किंवा व्यायामानं आखूड होत नाही. चाळिशीचंही तसंच. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर घट्ट होतं आणि जवळचं पाहताना त्याला हवा तेवढा फुगवटा घेता येत नाही. हे प्रत्येकाचं होतं. नीट खाणाऱ्याचं आणि न खाणाऱ्याचंही. त्यामुळे तुम्ही नंबरासाठी गाजरं खात होतात ते 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' असं झालं.

तरी लांब डोळ्याची एक काळजी मात्र खरी आहे. ताणलेल्या फुग्यासारखा त्याचा पडदा कडेला पातळ होतो, तिथे क्वचित भोक पडू शकतं. वेळेत दिसलं तर त्याभोवती लेसरनं शिवण घालता येते. एकाएकी डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेनं पडदा सरकत आल्यासारखा अंधार, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. 'उद्या बघू' नाही. हे मोठा मायनस नंबर असलेल्या प्रत्येक वाचकासाठी लिहिते आहे.

केलेलं व्यर्थ गेलं का, असं तुम्ही विचारलंत. नाही गेलं, पण त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते वेगळं करायला हवं.

गाजराची कीर्ती खोटी नाही. अ जीवनसत्त्वापासून डोळ्याच्या पडद्यात रोडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य बनतं आणि त्याच्या जोरावर आपल्याला अंधुक उजेडात दिसतं. जॉर्ज वॉल्ड यांनी या कामाचा उलगडा केला आणि १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. हे जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, पुढे बुबुळ कोरडं होऊन खराब होतं, आणि जगातल्या गरीब भागांत लहान मुलं आजही यामुळे दृष्टी गमावतात. तिथे गाजर, भोपळा, रताळं, पालेभाजी, अंडं हे खरोखर औषध आहे. पण कमतरता भरून निघाली की काम संपलं. टाकी भरल्यावर नळ चालू ठेवून पाणी जास्त साठत नाही. मध्यम आकाराच्या एका गाजरातून साधारण ५०० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळू शकतं. प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज ७०० ते ८५० मायक्रोग्रॅम, आणि उरलेलं दूध, अंडी, भाज्या यांतून सहज येतं. बाकीच्या पाच गाजरांचं काय झालं ते तुमच्या तळहातांवर दिसतंच आहे. रसात चोथा जातो आणि साखर तेवढी राहते, हे निराळंच. एखादं गाजर चावून खा, पुष्कळ झालं.

'गाजरानं नजर तेज होते' ही समजूत एवढी पक्की व्हायला दुसऱ्या महायुद्धाचाही हातभार लागला. ब्रिटिश वैमानिक रात्रीच्या अंधारात शत्रूची विमानं पाडत होते. जॉन कनिंगहॅम हे त्यातलं गाजलेलं नाव. त्यांच्या नजरेचं श्रेय गाजरांना देणाऱ्या गोष्टी पसरवल्या गेल्या. विमानात रडार बसवलेलं होतं, याची वाच्यता होऊ द्यायची नव्हती.

पालेभाजी मात्र सोडू नका, ती खरी कामाची आहे. पडद्याच्या मधोमध एक बारीक जागा असते. आपण वाचतो, चेहरे ओळखतो ते तिच्या भरवशावर. ती पिवळसर दिसते ल्युटीन आणि झिआझँथिन या दोन रंगद्रव्यांमुळे. शरीराला ती बनवता येत नाहीत, खाण्यातूनच यावी लागतात: गर्द हिरव्या पालेभाज्या, मका, अंड्याचा बलक. बलकात ती कमी असतात, पण सोबत स्निग्धांश असल्यानं अंगी छान लागतात. त्याच कारणानं पालेभाजी नुसती उकडण्यापेक्षा थोड्या तेलात परतलेली बरी. काचबिंदूबद्दलही एक निरीक्षण आहे. अमेरिकेत हजारो परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्यातून २०१६ मध्ये असं पुढे आलं, की हिरव्या पालेभाज्या जास्त खाणाऱ्यांत काचबिंदू २० ते ३० टक्क्यांनी कमी आढळला. यावरून भाजीनंच तो टळला असं म्हणता येत नाही. भाजी आवडीनं खाणारी माणसं आणखी बऱ्याच गोष्टी नीट करत असतात. पण तुमच्या ताटातली ती भाजी मला बरीच वाटते.

पडद्याच्या पेशींमध्ये डीएचए हा ओमेगा-३ प्रकारचा स्निग्धांश भरपूर असतो, म्हणून मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा तेलकट मासे खा. खात नसाल तर जवस आणि अक्रोड थोडंफार काम करतात. आंबट फळं, सुकामेवा, कडधान्यं, हे सगळं नेहमीच्या चांगल्या जेवणात येतंच. डोळ्यांसाठी वेगळं ताट वाढावं लागत नाही.

तुमच्या पत्रात एक शब्द कुठेच नाही: रक्तातली साखर. आहाराचा डोळ्यांवर सगळ्यात मोठा परिणाम होतो तो याच वाटेनं. पहिल्या प्रकारच्या मधुमेहींवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. साखर काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्या, तोवर पडदा निरोगी असलेल्या गटात पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. कुठल्याच भाजीला किंवा फळाला हे साधलेलं नाही. तेव्हा साखर आणि रक्तदाब वर्षातून एकदा तपासा. मधुमेह असलेल्या वाचकांनी तर, दिसत उत्तम असलं तरी, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी दर वर्षी करायलाच हवी. आणि घरात कुणी सिगरेट ओढत असेल, तर मोतीबिंदू आणि पडद्याचा मध्यभाग झिजणं, दोन्हींना ती आमंत्रण देते. सोडायला लावा.

कॅप्सूलचं उत्तर त्यामानानं सोपं आहे. या कॅप्सूलच्या जाहिरातींमागे अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेच्या दोन चाचण्या असतात, २००१ आणि २०१३ मधल्या. पडद्याचा मध्यभाग वयोमानानं झिजण्याचा आजार मध्यम टप्प्याला पोचलेल्या माणसांमध्ये, क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, तांबं आणि बीटा कॅरोटीन (गाजरातला तोच केशरी रंग) यांच्या ठरावीक, मोठ्या मात्रेनं आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका साधारण २५ टक्क्यांनी कमी झाला. दुसऱ्या चाचणीनंतर बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन आणि झिआझँथिन घालण्यात आलं, कारण सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये आणि पूर्वी ओढलेल्यांमध्ये बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढताना दिसला. ज्यांना हा आजार नाही त्यांना तो टाळायला या गोळ्या उपयोगी पडतात असं दिसलेलं नाही. मोतीबिंदू त्यांनी थांबला नाही, आणि चष्म्याचा नंबर तर या चाचण्यांचा विषयच नव्हता. तेव्हा यजमानांना सांगा, घेऊ नका. त्यांनी ज्या काळजीनं सुचवलं तीच काळजी तुम्हाला तपासणीला घेऊन जाण्यात खर्च करू द्या. पडदा पाहून डॉक्टरांनी लिहून दिल्या तर गोष्ट वेगळी. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र कुणीच मनानं घेऊ नयेत. त्या यकृताला बाधतात, आणि गरोदरपणात बाळाला.

आता तुमचा मुलगा. ताई, त्याचा चष्मा आजच त्याला परत द्या. सवय चष्म्याची लागत नसते. स्पष्ट दिसण्याची लागते, आणि ती लागायलाच हवी. पूर्वी काही डॉक्टरही मुलांना मुद्दाम थोडा कमी नंबर देत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे तपासून पाहिलं गेलं, आणि कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त भराभर वाढला. नऊ वर्षांचं मूल वाढत असतं, डोळाही वाढत असतो, म्हणून त्याचा नंबर तसाही वाढणारच होता. तुमच्या हातून काही भयंकर घडलेलं नाही. पण चष्म्याशिवाय त्याचे घरातले सगळे तास धूसर जातात, ते थांबवा.

त्याच्यासाठी करण्यासारखी गोष्ट ताटात नाही, दाराबाहेर आहे. चीनमधल्या ग्वांगझू इथे काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांनी त्या मुलांत ३०.४ टक्क्यांना मायनस नंबर लागला होता. बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. हा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातला उजेड काही शे लक्स (उजेड मोजायचं माप) असतो, बाहेर सावलीतसुद्धा कित्येक हजार. भर उजेडात पडद्यात डोपामिन नावाचं रसायन तयार होतं आणि त्यानं डोळ्याच्या लांबीला लगाम बसतो, असं त्यामागचं कारण सांगतात. नंबर लागलेल्या मुलांना याचा फायदा कमी होतो, हेही खरं. तरीही रोज दोनेक तास त्याला दिवसाउजेडी बाहेर खेळू द्या. पुस्तक नाकाला लावून वाचत असेल तर हातभर लांब धरायला शिकवा. आणि नंबर वर्षाला अर्ध्याहून जास्त वाढत असेल, तर कमी ताकदीचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब किंवा वाढ मंदावणाऱ्या खास काचा त्याला चालतील का, ते डॉक्टरांना विचारा. हे उपाय आता रुळलेले आहेत.

तुमच्या संध्याकाळच्या धूसरपणाचं बोलू. दीड वर्ष गाजरं खाणाऱ्या बाईला अ जीवनसत्त्वाची कमतरता असण्याचा संभव जवळजवळ नाही. चाळिशीचा नंबर पुढे सरकला असेल, किंवा डोळे कोरडे पडत असतील, किंवा दोन्ही. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे एकटक पाहताना पाच-सात वेळाच. दर वेळी पापणी बुबुळावरून अश्रूंचा हात फिरवत असते. तो फिरला नाही की पृष्ठभाग कोरडा पडतो आणि अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. आज दुपारी एक करून पाहा: अक्षरं धूसर झाली की डोळे शांतपणे पूर्ण मिटून दहा वेळा उघडझाप करा. लगेच स्वच्छ दिसलं तर कारण कोरडेपणा आहे. मग स्क्रीन नजरेच्या किंचित खाली, हातभर अंतरावर घ्या, पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर येत असेल तर जागा बदला, आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहा. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा फेकून देऊ नका, पण पुढचा चष्मा करताना त्यावर पैसे घालू नका; २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र तपासून पाहिल्या गेल्या, त्यात डोळ्यांचा शीण अशा काचांनी कमी होताना दिसला नाही. ओमेगा-३ च्या कॅप्सूलही कोरड्या डोळ्यांसाठी सुचवल्या जातात. २०१८ मधल्या एका वर्षभराच्या चाचणीत त्यांचा परिणाम नुसत्या ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरला नाही.

डोळ्यांचे व्यायाम करून बरं वाटत असेल तर जरूर करा; विसावा मिळतो, नंबर उतरत नाही. डोकं खाली पाय वर अशी आसनं करत असाल तर तपासणी होईपर्यंत थांबवा, त्या अवस्थेत डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. उगवत्या सूर्याकडे टक लावून पाहणं आजपासून बंद. दहा मिनिटांत सूर्य बराच वर येतो, आणि पडद्याला दुखण्याची जाणीव नसते, त्यामुळे भाजलं तरी तेव्हा कळत नाही. कोवळं ऊन अंगावर घ्या, डोळ्यांत नको.

आणि ते घरातले थेंब. पत्रातल्या सगळ्यांत मला धास्ती वाटली ती या एका वाक्याची. आत्ता उठा आणि ती बाटली घेऊन या. बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन असं काही लिहिलं आहे का पाहा. असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. लाली चुटकीसरशी जाते म्हणून लोक असे थेंब पुन्हा पुन्हा आणतात, पण त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांच्यात तो वाढण्याची शक्यता जास्त. महिनोन् महिने घातले तर या थेंबांनीच काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. अशी बाटली निघाली तर मनानं घालणं बंद करा, ती तपासणीला बरोबर न्या आणि किती दिवस, किती वेळा घातली ते खरंखरं सांगा. साधे कृत्रिम अश्रू असतील तर हरकत नाही. तेही बाटली उघडून महिना झाला असेल तर टाकून द्या.

मनात एक प्रश्न असेल, तो तुम्ही लिहिला नाहीत: तपासणीत काही निघालं तर? निघालं तर ते चार वर्षांपूर्वीपेक्षा उशिरा आणि पुढच्या वर्षीपेक्षा लवकर निघालेलं असेल. त्या दिवशी उपचार सुरू होतील. काही नाही निघालं तर दर वर्षी एकदा पुन्हा दाखवायचं.

याच आठवड्यात वेळ घ्या. वडिलांचे जुने कागद सापडले तर सोबत न्या, तुमचा सध्याचा आणि आधीचा चष्मा न्या. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यांवर येतो, म्हणून गाडी स्वतः चालवू नका. यजमानांना बरोबर घ्या आणि मुलाचीही तपासणी त्याच दिवशी उरकून टाका. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत लुकलुकणारे बारीक दिवे पाहून बटण दाबायचं असतं. त्यातले बरेच दिवे निरोगी माणसालाही दिसत नाहीत, यंत्र मुद्दाम इतके मंद दिवे लावत असतं. तेव्हा एखादा चुकला म्हणून खुर्चीत घाबरून जाऊ नका. बाहेर पडताना दाब किती निघाला आणि नसेबद्दल काय सांगितलं, ते तारखेसह एका वहीत लिहून घ्या. पुढच्या वर्षी ताडून पाहायला डॉक्टरांना तेच लागणार आहे.